हेलनशी थेट कोण बोललं?

हेलन केलरची गोष्ट तुम्ही शाळेत असताना कधी ना कधी वाचली-ऐकली असेलच. पाण्याचा पंप, हातावर गिरवलेला शब्द आणि सहा वर्षांच्या मुलीला सापडलेली भाषा. गोष्ट बहुतेक वेळा तिथेच संपते. पण ही मुलगी पुढे कॉलेजात गेली तेव्हा काय झालं, ते आपण तरुणांनी वाचायला हवं.

हेलनचा जन्म १८८० चा, अमेरिकेतल्या अलाबामातला. १९ महिन्यांची असताना आजारपणात तिची दृष्टी आणि ऐकण्याची शक्ती दोन्ही गेली. १८८७ मध्ये अ‍ॅन सुलिव्हन या शिक्षिका घरी आल्या. बोटांच्या खुणांनी त्या तिच्या तळहातावर एकेक अक्षर उमटवायच्या. तीच हेलनची भाषा झाली.

१८९९ मध्ये तिने रॅडक्लिफ कॉलेजची प्रवेश परीक्षा दिली. बीजगणिताचा पेपर आला अमेरिकन ब्रेलमध्ये आणि बीजगणितासाठी तिला सवय होती इंग्लिश ब्रेलच्या चिन्हांची. त्यात अ‍ॅनना परीक्षेत सोबत बसायची परवानगी नव्हती. तरी ती पास झाली आणि १९०० मध्ये कॉलेजात दाखल झाली.

आता तिच्या वर्गाची कल्पना करा. प्राध्यापक बोलतायत आणि शेजारी बसलेल्या अ‍ॅन ते भराभर तिच्या हातावर उतरवतायत. हेलन नोट्स घेऊ शकत नाही, कारण तिचे हात ऐकण्यात गुंतलेत. घरी जाऊन आठवेल तेवढं ती टाइप करायची. बरीचशी पुस्तकं ब्रेलमध्ये नव्हतीच. ती अ‍ॅन वाचून दाखवायच्या, तेही स्वतःची नजर अधू असताना.

क्लासमेट वाईट होत्या का? अजिबात नाही. त्यांनी तिला चक्क एक कुत्रा भेट दिला होता! पण गप्पा? त्या बहुतेक अ‍ॅनमार्फतच व्हायच्या. जिव्हाळा होता, पण थेट बोलणं नव्हतं. प्राध्यापकांपैकी ती बोटांची भाषा शिकले फक्त एक, विल्यम नीलसन. शिकायचं होतं तरी किती? इंग्रजी २६ अक्षरांच्या खुणा!

१९०४ मध्ये हेलन विशेष प्राविण्यासह पदवीधर झाली. चार वर्षं प्रत्येक लेक्चरला बसलेल्या अ‍ॅनना मात्र पदवी मिळाली नाही. पुढे हेलनने जगभर फिरून अंध व्यक्तींसाठी काम केलं. १९५५ मध्ये ती भारतातही आली होती. १९६८ मध्ये तिचं निधन झालं.

आज आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे प्रवेशाची सोय झाली. पण प्रवेशानंतर कँटीनच्या टेबलावर शेजारी कोण बसणार, हे कुठलाही कायदा ठरवू शकत नाही. ते तुम्ही-आम्हीच ठरवतो.

तुमच्या वर्गात असं कुणी असेल, तर टाळ्या वाजवून 'केवढी जिद्द!' म्हणणं सोपं आहे. त्यापेक्षा त्याच्याशी बोला, आणि त्याच्या लेखनिकाकडे बघून नव्हे, थेट त्याच्याशी. मदत हवी का आणि कशी, हेही त्यालाच विचारा. साइन लँग्वेजच्या चार खुणा शिकून घ्या. ग्रुपवर नोट्सचा फोटो टाकताना सोबत टाइप केलेली फाइलही टाका, म्हणजे स्क्रीन रीडरला ती वाचता येईल.

हेलनच्या वर्गात तिला सगळे ओळखत होते. तिच्याशी थेट बोलू शकणारे मात्र मोजकेच होते. तुमच्या वर्गाचं काय?