600 यार्डावरून हरिण टिपल्याचा दावा करणारा एल्मर कीथ कोण होता?

1971 साली 'डर्टी हॅरी' आला आणि क्लिंट ईस्टवूडच्या हातातली पॉइंट 44 मॅग्नम जगभर फेमस झाली. पण हे काडतूस बाजारात आलं त्यामागे आयडाहोतल्या एका काऊबॉयचा हट्ट होता. त्याचं नाव एल्मर कीथ.

1899 मध्ये मिसुरी राज्यात जन्मलेला कीथ मोंटानात वाढला. लहानपणी तो आगीत गंभीर भाजला, एक हात वाकडा झाला. तरी गडी बंदूक चालवायला शिकलाच. पुढे रँच सांभाळणं, शिकाऱ्यांना डोंगरात वाट दाखवणं आणि मासिकांत बंदुकांवर लिहिणं, यावर त्याचं घर चाललं.

जखमी जनावर पळून जातं आणि कुठेतरी तडफडत मरतं, हे शिकारीच्या धंद्यात नेहमीचंच. कीथचं म्हणणं होतं की यावर उपाय एकच, मोठी आणि जड गोळी. म्हणून 1920 च्या दशकापासून तो पॉइंट 44 स्पेशलच्या काडतुसात जास्त दारू भरून प्रयोग करत राहिला. कंपन्यांच्या मागेही लागला. अखेर स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन तयार झाल्या आणि 1955 च्या शेवटी पॉइंट 44 मॅग्नम जन्माला आलं.

मग घडला तो गाजलेला किस्सा. सोबतच्या शिकाऱ्याच्या रायफलने जखमी झालेलं म्यूल डियर जातीचं हरिण निसटत होतं. कीथच्या सांगण्यानुसार, त्याने आपल्या रिव्हॉल्व्हरमधून सुमारे 600 यार्डांवर, म्हणजे जवळपास 550 मीटरवर गोळ्या झाडल्या. काही चुकल्या, दोन लागल्या. अनेकांनी त्याला थापाड्या ठरवलं.

आता गणित बघा. या काडतुसाची साधारण साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे 430 मीटर वेगाने निघते. पण ती जाड आणि बोथट असल्याने वेग लवकर घटतो. 600 यार्डांपर्यंत पोचेतो ती कित्येक मीटर खाली येते. म्हणूनच रिव्हॉल्व्हरने हरिण मारायचं तर साधारण 100 यार्डांच्या आतच, असं शिकारी मानतात. गोळी कुठवर पोचते ही एक गोष्ट आणि कुठवर ती जनावराला झटकन मारते ही दुसरी. परिणामकारक पल्ला म्हणतात तो हा दुसरा.

इथेच कीथचा जॅक ओ'कॉनरशी वाद होता. पॉइंट 270 रायफलचा हा चाहता लेखक सांगायचा की गोळी किती मोठी यापेक्षा ती कुठे लागते हे महत्त्वाचं. दोघं वर्षानुवर्षं भांडले. पण जनावर तडफडू नये, ही चिंता दोघांचीही होती.

गंमत म्हणजे कीथचा तो किस्साच या चिंतेचा पुरावा आहे. हरिण आधीच जखमी होतं, म्हणून त्याने तो नेम धरला. धडधाकट हरणावर इतक्या लांबून गोळ्या झाडल्या असत्या, तर आणखी एक जखमी जनावर डोंगरात हरवायची शक्यताच जास्त होती.

1979 मध्ये कीथने आत्मचरित्र काढलं. शंका घेणाऱ्यांना उत्तर म्हणून नाव ठेवलं, 'हेल, आय वॉज देअर!' थोडक्यात, मी तिथे होतो. 1984 मध्ये तो गेला. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने हरणांच्या शिकारीला बंदी आहे. अमेरिकेत मात्र दर हंगामात शिकाऱ्यांपुढे तोच प्रश्न उभा राहतो: गोळी पोचेल, पण झाडावी का?