केळूसकर गुरुजींचे ऋण

परीक्षांचे निकाल लागले की आमच्या शहरांत दोन प्रकारची घरे दृष्टीस पडतात. एका घरी पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवसापासून मुलाचे नाव कोणत्या महाविद्यालयात घालावयाचे याचा खल सुरू होतो. दुसऱ्या घरीही पेढे वाटले जातात. परंतु पुढे काय, हा प्रश्न तेथे कोणी मोठ्याने विचारीत नाही. विचारावयाचा तरी कोणास? त्या घरात महाविद्यालयाची पायरी पूर्वी कोणी चढलेलाच नसतो. शिष्यवृत्त्या असतात, वसतिगृहे असतात, फीमाफीच्या सवलती असतात. पण त्या कोठे आहेत, अर्ज केव्हा करावयाचा, कोणता दाखला जोडावयाचा, हे सांगणारे माणूस नसते. मग चार-सहा महिन्यांत तो मुलगा एखाद्या दुकानात वजनकाट्यापाशी उभा राहतो, मुलीचे लग्न ठरते, आणि एक शिक्षण अर्ध्यावर थांबते. अशा घराच्या दारापाशी जो उभा राहिला, त्या एका शिक्षकाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

कृष्णराव अर्जुन केळूसकर हे नाव मराठी वाचकांस अपरिचित नाही. त्यांचा जन्म १८६० साली वेंगुर्ल्याजवळील केळूस या गावी झाला, आणि पुढे मुंबई ही त्यांची कर्मभूमी झाली. विल्सन हायस्कुलात त्यांनी अध्यापन केले. वर्ग सुटल्यावर उरणारा वेळ त्यांनी लेखणीस दिला. तुकारामबुवांचे चरित्र त्यांनी लिहिले. १८९८ साली गौतम बुद्धांचे मराठी चरित्र सिद्ध केले. पुढे शिवछत्रपतींचे जे विस्तृत चरित्र त्यांनी रचिले, त्याच्या आधारे तयार झालेला इंग्रजी ग्रंथ १९२१ साली प्रसिद्ध झाला. चरित्रकार म्हणून वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचे स्थान निश्चित आहे. तथापि आमच्या मते त्यांनी केलेले सर्वांत मोठे काम कोणत्याही पुस्तकाच्या पाठपोटावर छापलेले नाही. ते काम म्हणजे एका विद्यार्थ्याची सुमारे दहा वर्षे त्यांनी केलेली पाठराखण होय.

तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. निवृत्त सुभेदार रामजी यांचे कुटुंब त्या वेळी परळच्या चाळीत एका खोलीत राहत असे. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होते. घरी अभ्यासास शांतता नाही, म्हणून शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसत. त्याच बागेत केळूसकरही संध्याकाळी येत. एक मुलगा रोज एकाच जागी बसतो आणि खेळण्याच्या वेळी पुस्तकात डोके घालून असतो, हे त्या शिक्षकाच्या नजरेने टिपले. त्यांनी विचारपूस केली. मुलाने आपली जात सांगितली. अस्पृश्य म्हणून ज्यांस दूर ठेवले जाई, त्या जातीतला हा मुलगा आहे हे कळल्यावर पुष्कळांनी त्या काळी बाकाची दुसरी बाजू धरली असती. केळूसकरांनी त्या मुलास पुस्तके देण्यास प्रारंभ केला, आणि काय वाचावे हे ते सांगू लागले.

पुढे भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल ज्ञातिबांधवांनी अभिनंदनाची सभा भरविण्याचे ठरविले. सुभेदारांस ते रुचेना. नुसती एक परीक्षा पास झाल्याने मुलाचा एवढा गौरव केला तर त्याच्या डोक्यात हवा शिरेल, अशी त्या करड्या शिस्तीच्या बापाची धास्ती होती. तेव्हा मंडळी केळूसकरांकडे गेली. सुभेदारांचा व त्यांचा स्नेह होता. केळूसकरांनी मध्यस्थी केली आणि सुभेदारांनी आपला हट्ट सोडला. सभेत केळूसकर बोलले, आणि त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलास भेट दिले. त्या पुस्तकाचा आपल्या मनावर खोल परिणाम झाला, हे बाबासाहेबांनी पुढे स्वतः नमूद करून ठेविले आहे. १९५६ साली नागपूरला जी धम्मदीक्षा झाली तिचा एक धागा असा मुंबईतील एका शिक्षकाच्या छोट्याशा भेटीपर्यंत जाऊन पोहोचतो.

येथे एक आक्षेप पुष्कळांच्या ओठांवर येईल हे आम्ही जाणतो. भीमराव हे असामान्य बुद्धीचे पुरुष; केळूसकर भेटले नसते तरी ते पुढे आलेच असते, असे म्हणणे सोपे आहे. पण मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांस ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते, याचा या आक्षेपकांनी विचार करावा. केवळ गुणांच्या यादीवरून पारख करणाऱ्यास त्या मुलात काहीही विशेष दिसले नसते. केळूसकरांनी गुणपत्रिका पाहिली नाही, तर वाचन पाहिले. मुलगा आज कोठे आहे हे न पाहता तो कोणत्या अडचणींतून तेथवर आला हे पाहिले. पारख पारख म्हणतात ती हीच. सराफ खाणीतून आलेले सोने मातीसकट ओळखतो. घडलेला दागिना तर कोणीही ओळखील.

मॅट्रिकनंतर भीमराव एल्फिन्स्टन महाविद्यालयात दाखल झाले. मुलाच्या पुस्तकांसाठी सुभेदार कधी विवाहित मुलीकडून पैसे, तर कधी गहाण ठेवण्यासाठी तिचा दागिना मागून आणीत आणि पेन्शन हाती येताच सोडवून परत करीत. परंतु इंटरची परीक्षा झाल्यावर पेन्शन व गहाण यांचा हा मेळ बसेनासा झाला. शिक्षण थांबण्याची वेळ आली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अस्पृश्य गणलेल्या जातींतील लायक विद्यार्थ्यास उच्च शिक्षणासाठी साह्य करण्याची तयारी मुंबईतील एका सभेत बोलून दाखविली होती. ते वचन सर्वांनी ऐकले. ते लक्षात ठेवून महाराजांच्या दारी नेले केळूसकरांनी. त्यांनी महाराजांची गाठ घेतली, भीमरावांस त्यांच्यापुढे उभे केले, महाराजांनी काही प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली.

या प्रसंगाचा हिशेब आमच्या व्यापारी वाचकांनी नीट मांडून पाहावा. पैसा महाराजांचा होता. बुद्धी व मेहनत विद्यार्थ्याची होती. केळूसकरांचे त्यात काय होते? पगारदार शिक्षकापाशी दरमहा २५ रुपये काढून देण्याचे सामर्थ्य कोठून असणार! त्यांनी दिले ते आपले पाय, आपला शब्द आणि आपली ओळख. एका बाजूस देऊ इच्छिणारा हात होता व दुसऱ्या बाजूस गरजवंत होता; पण दोहोंमध्ये दलालीवाचून व्यवहार जमवून देणारा कोणी नसता तर तो हात तसाच राहिला असता आणि तो गरजवंतही. दानशूर राजे थोडे असतात. केळूसकरांनी केले तेवढे करण्यास मात्र राजा असावे लागत नाही.

पुढील हकीकत सर्वांस ठाऊक आहे. भीमराव बी. ए. झाले, १९१३ च्या फेब्रुवारीत सुभेदार वारले, त्याच वर्षी बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले व तेथून पुढे लंडनला. १९१७ साली ते करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा कोलंबियाच्या या पदवीधरास त्या नगरात राहावयास जागा मिळेना. कचेरीत शिपाई दुरून कागद टाकीत. ज्या पारशी वसतिगृहात आसरा घेतला तेथून त्यांस बाहेर काढण्यात आले. याही वेळी केळूसकर स्वस्थ बसले नाहीत. बडोद्यातील आपल्या ओळखीच्या एका प्राध्यापकाकडे त्यांनी भीमरावांची राहण्याची सोय ठरविली. परंतु भीमराव तेथे पोहोचताच त्या घरून नकार आला. ते मुंबईस परत फिरले.

केळूसकरांचे हे अपयश आम्ही मुद्दाम सांगत आहो. एक भला माणूस एका विद्यार्थ्यास महाविद्यालयाच्या दारापर्यंत नेऊ शकतो. पण सबंध नगराची दारे बंद असतील तर त्या एकट्याचा इलाज चालत नाही. याचा अर्थ एकट्याने काही करू नये असा कोणी घेईल तर तो उलटा अर्थ होईल. खरा अर्थ असा की, एक केळूसकर पुरत नाहीत. गल्लोगल्ली ते असावे लागतात.

केळूसकर १९३४ साली निवर्तले. त्यांच्या विद्यार्थ्याने ते ऋण ज्या रीतीने फेडले ती रीतही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. ज्याला स्वतःला दुसऱ्याच्या ओळखीवर महाविद्यालय गाठावे लागले, त्याने इतरांसाठी महाविद्यालयच उभे केले. बागेतील बाकावर पेरलेले बीज असे फळास आले.

आता कोणी म्हणेल की तो काळ गेला; आज सरकारी शिष्यवृत्त्या आहेत, राखीव जागा आहेत, गावोगावी महाविद्यालये आहेत. हे खरे आहे आणि त्याचा आम्हांस आनंदही आहे. तरीपण २०२१-२२ च्या सरकारी पाहणीप्रमाणे आपल्या देशात १८ ते २३ या वयाच्या तरुणांच्या संख्येशी उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण शेकडा २८.४ इतकेच होते. बाकीच्यांत ज्यांची इच्छाच नव्हती असेही असतील. पण ज्यांस कोणी विचारले नाही असे किती असतील? योजना कागदावर असते. ती आपण होऊन चाळीचा जिना चढत नाही. अर्ज आता संगणकावर भरावयाचे असतात, एका दाखल्यापायी तीन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि मुदत टळली की वर्ष फुकट जाते. सुशिक्षित घरातील मुलाचे हे काम त्याचा बाप किंवा मामा चहा पिता पिता करून टाकतो. पहिल्याच पिढीतील विद्यार्थ्यास तो मामा कोठून आणावा?

तो मामा आपणांपैकी कोणी व्हावे, एवढेच आमचे मागणे आहे. यासाठी संस्था काढावयास नको, वर्गणी गोळा करावयास नको, सभेत हारतुरे स्वीकारावयास तर मुळीच नको. आपल्या दुकानात हिशेब लिहिणारा मुलगा बारावी होऊन आला असेल, तर त्याला पुढे काय शिकावयाचे आहे हे एकदा विचारावे. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईची मुलगी उत्तीर्ण झाली असेल, तर पेढा खाऊन स्वस्थ बसू नये. तिच्या वडिलांस भेटावे, आणि केळूसकरांनी सुभेदारांची समजूत घातली तशी त्यांची घालावी. मुलींच्या बाबतीत हे काम अधिक निकडीचे आहे, कारण तेथे अर्जाआधी घरचा होकार मिळवावा लागतो. विद्यार्थ्याबरोबर कचेरीत जावे, वाचलेले पुस्तक पुढे द्यावे, कोणत्या विषयास कोठे वाव आहे हे जाणत्यांस विचारून सांगावे. आणि नाव दाखल झाले म्हणजे आपले कर्तव्य संपले असे मानू नये. पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तकांची धडकी भरते तेव्हा, आणि दुसऱ्या वर्षी घरची ओढगस्त वाढते तेव्हाही विचारपूस चालू ठेवावी. केळूसकरांनी बागेतील भेटीपासून बडोद्याच्या प्रसंगापर्यंत ती चालू ठेविली होती.

आणखी एक गोष्ट. हे साह्य करताना आपल्याच जातीचा, आपल्याच गावचा विद्यार्थी शोधण्याचा मोह आवरावा. आपल्या माणसास हात देणे हा केवळ घरोबा झाला. परक्यास हात देणे ही समाजसेवा. केळूसकरांनी मुलाची जात विचारून घेतली, आणि त्यानंतरही पुस्तक त्याच्याच हाती ठेविले. त्यांच्या थोरवीचे सारे मर्म या एका कृतीत आहे.

येत्या निकालाच्या दिवशी आमच्या प्रत्येक वाचकाने आपल्या आळीतील एका विद्यार्थ्याची चौकशी करावी. तो गुणवंत निघेल की सामान्य, मोठा होईल की साधाच राहील, याची आगाऊ हमी मागू नये. ती हमी बागेतील त्या संध्याकाळी केळूसकरांसही कोणी दिलेली नव्हती.