पाचच वैमानिक थांबले!

नाकावर शार्कचा जबडा रंगवलेली लढाऊ विमानं तुम्ही फोटोत पाहिली असतील. ‘फ्लाइंग टायगर्स’ म्हणून गाजलेल्या तुकडीची ती विमानं. या तुकडीचा प्रमुख होता क्लेअर शेनॉल्ट. चांगली माणसं नोकरी का सोडतात, हे समजून घ्यायचं असेल तर त्याची गोष्ट वाचाच.

१९३० च्या दशकात शेनॉल्ट अमेरिकी हवाई दलाच्या प्रशिक्षण संस्थेत शिकवायचा. बॉम्बफेकी विमानांना कुणी रोखू शकत नाही, असं तिथले बहुतेक जण ठामपणे मानत. शेनॉल्टला ते पटेना. जमिनीवरून वेळेत खबर मिळाली, तर लढाऊ विमानं त्यांना गाठतील, हा त्याचा हेका. स्वभावानं तोही फटकळच! वरिष्ठांशी त्याचं काही जमलं नाही. त्यात बहिरेपणा आणि दम्यासारखा खोकला. १९३७ मध्ये तो निवृत्त झाला आणि थेट चीनला गेला.

१९४१ मध्ये अमेरिकेतून आलेले सुमारे शंभर वैमानिक त्याच्या हाताखाली जमले. २० डिसेंबरला कुनमिंगवर चालून आलेली जपानी विमानं त्यांनी पिटाळली. खबर देणारी साखळी खरंच कामी आली होती.

पुढे ही तुकडी अमेरिकी लष्करात सामील करायचं ठरलं. वैमानिक थकलेले, घरी जायला आसुसलेले. त्यांना समजावायला आलेले जनरल क्लेटन बिसेल यांनी मात्र धमकीच दिली: सामील झाला नाहीत, तर मायदेशी पोहोचताच सक्तीनं भरती करू. परिणाम? ४ जुलै १९४२ ला तुकडी विसर्जित झाली, तेव्हा लष्करात गेले फक्त पाच वैमानिक.

बाकीचे घाबरले होते का? अजिबात नाही. शेनॉल्टनं विनंती केली म्हणून त्यांच्यातले काही जण आणखी दोन आठवडे लढले. त्यात जॉन पेटाक मारला गेला. कित्येक जण पुढे आसाममधून हिमालय ओलांडून चीनला रसद नेणाऱ्या विमान कंपनीत लागले. ते उड्डाणही काही कमी जीवघेणं नव्हतं. त्यांनी सोडला तो साहेब, धोका नव्हे.

शेनॉल्ट पुन्हा लष्करात आला, जनरल झाला. पण १९४५ मध्ये जपान शरण येण्याच्या तोंडावर त्यालाही बाहेर पडावं लागलं. लेफ्टनंट जनरलचा हुद्दा मिळाला तो जुलै १९५८ मध्ये, मृत्यूच्या अवघे काही दिवस आधी.

उद्या तुमच्या हाताखाली टीम असेल. कुणी राजीनामा पुढे केला, तर त्याला दम देण्याआधी कुनमिंगचे ते पाच जण आठवा.