फ्रॉइड यांच्या जबड्याची सोळा वर्षे

मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड (१८५६-१९३९) यांचे ग्रंथ जगभर वाचले गेले. पण त्यांतले अखेरचे ग्रंथ त्यांनी कोणत्या यातना सोसत लिहिले, याची चर्चा क्वचितच होते. दिवसाला वीसपर्यंत सिगार ओढणाऱ्या फ्रॉइड यांच्या तोंडात १९२३ साली कर्करोगाची गाठ निघाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नातील शल्यविशारद हान्स पिखलर यांनी उजव्या बाजूच्या वरच्या जबड्याचा आणि टाळूचा मोठा भाग काढून टाकला. नाक व तोंड यांमधील पडदाच नाहीसा झाला. ती पोकळी झाकण्यासाठी बसवलेली अवजड कवळी सतत खुपत असे, आणि ती काढता-घालताना कन्या अ‍ॅना यांची मदत लागे. पुढे तीसहून अधिक लहानमोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. सिगार मात्र सुटली नाही. मनाच्या गुंत्यांचा एवढा मोठा अभ्यासक या एका सवयीपुढे हतबल ठरला!

जोडीला क्ष-किरण आणि रेडियमचे उपचार होते. या किरणांनी रोगट पेशी मरतात, तशा हाडाला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्याही निकामी होतात. मग साधी जखमही भरून येत नाही आणि हाड हळूहळू मृत होते. १९३४ मध्ये तर कवळीतील धातूमुळे किरणांचा दाह वाढत असल्याचे ध्यानात आले आणि वेगळी कवळी करावी लागली.

नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर जून १९३८ मध्ये फ्रॉइड लंडनला आले. सप्टेंबरमध्ये पिखलर यांनी तेथे येऊन पुन्हा शस्त्रक्रिया केली. वारंवारच्या शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांनी जर्जर झालेल्या जबड्यात आता मृत हाडाचा तुकडा अडकून राहिला. तो आपोआप सुटण्याची वाट पाहणे, हाच उपाय होता. प्रतिजैविके अद्याप हाताशी नव्हती. ॲस्पिरिन आणि गरम पाण्याची पिशवी यांवर फ्रॉइड दिवस काढत होते. बुद्धीला गुंगी आणणारी औषधे त्यांना नको होती. अखेर २८ डिसेंबरला त्यांचे डॉक्टर मॅक्स शूर यांनी सैल झालेला मोठा तुकडा अलगद काढला आणि वेदना उतरली. आजही अशा विकारात, तो मर्यादित असेल तर, तोंडाची स्वच्छता, प्रतिजैविके आणि सुटे तुकडे काढणे यांनाच प्रथम पसंती मिळते. काही ठिकाणी पेंटॉक्सिफायलिन व ई जीवनसत्त्वही दिले जाते.

फ्रॉइड यांचा दिलासा अल्पजीवी ठरला. जानेवारी १९३९ मध्ये नवी सूज दिसली आणि फेब्रुवारीतील तपासणीत कर्करोग उलटल्याचे स्पष्ट झाले. शस्त्रक्रिया अशक्य होती. पुन्हा किरणोपचारच करावे लागले. जखमेच्या दुर्गंधीने लाडकी कुत्री लूनही जवळ येईना. तरी १ ऑगस्टपर्यंत ते रुग्ण तपासत होते. सप्टेंबरमध्ये वेदना असह्य झाल्यावर त्यांनी शूर यांना जुन्या वचनाची आठवण दिली. शूर यांनी मॉर्फिन दिले आणि २३ सप्टेंबर १९३९ रोजी फ्रॉइड यांची प्राणज्योत मालवली.