मातीतून रंग शोधणारे नंदलाल

विद्यार्थी मित्रांनो, हिवाळ्याच्या दिवसांत तुम्ही सकाळी लवकर शाळेत येता. वाटेत काय काय दिसते, ते कधी थांबून पाहिले आहे का? शेतात कापूस फुटलेला असतो. तुरीला शेंगा लागलेल्या असतात. हरभऱ्याच्या पानांवर दव चमकते. बोरीच्या झाडाखाली पिकलेली बोरे पडलेली असतात. एखाद्या घरापुढे अम्मी किंवा नानी उन्हात बसून जुन्या कपड्यांची गोधडी शिवत असते. आपण हे सारे रोज पाहतो, म्हणूनच ते आपल्या लक्षात राहत नाही.

आज मी तुम्हांला अशा एका माणसाची ओळख करून देणार आहे, ज्याने हेच सारे मन लावून पाहिले आणि त्यातून आपली कला उभी केली. त्यांचे नाव नंदलाल बोस. ते बंगाली होते. पण त्यांच्या जीवनाचा एक धागा आपल्या वाशीमपर्यंत येऊन पोहोचतो. तो कसा, ते पुढे कळेल.

नंदलाल यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यातील खडगपूर या गावी झाला. त्यांचे वडील पूर्णचंद्र हे दरभंगा संस्थानात नोकरीला होते. आई क्षेत्रमणी यांच्या हातांत कसब होते. त्या मुलांसाठी बाहुल्या आणि खेळणी बनवीत. नंदलाल जवळ बसून ते पाहत असत. गावातल्या कुंभाराकडेही ते जात. मातीचा गोळा हातात घेऊन तो मूर्ती कशी घडवतो, ते तासन्‌तास पाहत. घरी येऊन स्वतः करून पाहत. नंदलाल लहान असतानाच आई वारली. आईने हातांना लावलेली गोडी मात्र कायम राहिली.

पुढे शिक्षणासाठी ते कोलकात्याला आले. येथे त्यांची खरी परीक्षा सुरू झाली. मुलाने चांगले शिकावे, चांगली नोकरी करावी, असे घरच्यांना वाटत होते. यात त्यांची काही चूक नव्हती. सगळ्याच आईवडिलांना तसे वाटते. पण नंदलाल यांचे मन पुस्तकात लागेना. ते महाविद्यालयात नापास झाले. मग त्यांना वाणिज्य शाखेत घातले. तेथेही तोच प्रकार झाला. याच काळात त्यांचा विवाहही झाला होता. घरात काळजी पसरली. हा मुलगा वाया गेला, असे कोणालाही वाटले असते.

नंदलाल यांनी धीर करून घरच्यांना आपल्या मनातली गोष्ट सांगितली. आपल्याला चित्रकला शिकायची आहे, असे त्यांनी कळवले. त्या काळी चित्रकाराला पोटापुरते मिळेल की नाही, याची खात्री नव्हती. तरीही शेवटी घरच्यांनी परवानगी दिली. १९०५ च्या सुमारास नंदलाल कोलकात्याच्या सरकारी कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांना अवनींद्रनाथ टागोर हे गुरू लाभले. जो मुलगा परीक्षेत मागे पडत होता, तो येथे पाहता पाहता पुढे गेला.

आता आपण अजिंठ्याकडे वळू या. इंग्लंडहून लेडी हेरिंगहॅम नावाच्या एक चित्रकार बाई भारतात आल्या होत्या. अजिंठ्याच्या लेण्यांतील जुनी चित्रे काळवंडत चालली होती. त्यांच्या नकला करून ठेवाव्यात, असे त्यांनी ठरवले. १९०९ ते १९११ या काळातील दोन हिवाळ्यांत हे काम चालले. कोलकात्याहून नंदलाल आणि त्यांचे सोबती या कामासाठी आले. त्या वेळी अजिंठा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. म्हणून हैदराबादहूनही दोन चित्रकार आले. त्यांची नावे होती सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन. पुढे सय्यद अहमद यांनी या लेण्यांची देखभाल करण्यात पुष्कळ वर्षे घालवली. वेगवेगळ्या प्रांतांचे आणि वेगवेगळ्या धर्मांचे हे लोक थंडीच्या दिवसांत एकाच कामासाठी एकत्र आले होते.

डोळ्यांसमोर चित्र आणून पाहा. डोंगराच्या कड्यात कोरलेली लेणी. खाली वाघूर नदी. आत अंधार. त्या अंधुक उजेडात चित्रकार भिंतीवरची एकेक रेषा निरखून कागदावर उतरवीत आहेत. एका रेषेत जरी चूक झाली, तरी चेहऱ्यावरचा भाव बदलतो. हे काम घाईने होणारे नव्हते.

या कामातून नंदलाल यांना एक मोठी गोष्ट उमगली. ही चित्रे काढणाऱ्या कारागिरांनी आपले बहुतेक साहित्य जवळपासच मिळवले होते. भिंतीवरचा गिलावा माती, भाताचा कोंडा आणि झाडांचे तंतू मिसळून केला होता. तांबडा आणि पिवळा रंग गेरूसारख्या मातीतून आला होता. पांढरा रंग चुना व पांढऱ्या मातीतून, काळा काजळीतून आणि हिरवा एका प्रकारच्या दगडातून मिळवला होता. फक्त निळ्या रंगाचा मौल्यवान दगड दूर देशातून आणलेला होता. इतक्या साध्या वस्तूंतून केलेली चित्रे पंधराशे वर्षे टिकली होती.

आणि आता वाशीमचा धागा. ही चित्रे ज्या काळात काढली गेली, त्या पाचव्या शतकात येथे वाकाटक घराण्याचे राज्य होते. त्या घराण्यातील राजा हरिषेण याच्या राजधानीचे नाव होते वत्सगुल्म. वत्सगुल्म म्हणजेच आजचे आपले वाशीम! हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे दान दिले. तसा लेख तेथे कोरलेला आहे. म्हणजे मित्रांनो, नंदलाल ज्या भिंतींसमोर बसून शिकले, त्या भिंतींचा इतिहास आपल्या गावाशी जोडलेला आहे.

पुढे रवींद्रनाथ टागोरांनी शांतिनिकेतन येथे १९१९ साली कलाभवन सुरू केले. नंदलाल १९२२ पासून तेथील प्रमुख झाले आणि १९५१ पर्यंत त्यांनी ते काम पाहिले. विद्यार्थी त्यांना आदराने मास्टरमोशाय म्हणत. मास्टरमोशाय म्हणजे मास्तरसाहेब.

त्यांची शिकवण्याची रीत निराळी होती. चार भिंतींच्या आत बसून चित्रकला येत नाही, असे ते मानत. ते मुलांना घेऊन बाहेर फिरायला जात. शांतिनिकेतनच्या भोवती तांबड्या मातीचा माळ आहे. पावसाच्या पाण्याने त्यात घळी पडल्या आहेत. ताडाची झाडे आहेत. कोपाई नावाची छोटी नदी आहे. जवळच संथाळ आदिवासींची वस्ती आहे. हिवाळ्यात तर ते मुलांना घेऊन दूरच्या सहलीलाही जात. त्यांच्याजवळ पोस्टकार्डाएवढे छोटे कोरे कागद असत. वाटेत बकरी दिसली, वाकलेले झाड दिसले, डोक्यावर ओझे घेऊन चाललेली बाई दिसली, की ते दोनचार रेषांत तिचे चित्र टिपून घेत. अशी हजारो छोटी चित्रे त्यांनी काढली. पुष्कळदा तीच कार्डे ते आपल्या विद्यार्थ्यांना पत्र म्हणून पाठवीत.

एखादे झाड काढायचे असेल, तर आधी ते झाड नीट पाहा, असा त्यांचा आग्रह असे. हिवाळ्यात पाने गळली की झाडाचा सांगाडा उघडा पडतो. फांदी खोडातून कशी निघते, कोठे वळते, ते तेव्हा स्पष्ट दिसते. असे पाहण्याची सवय लागली, की हातही आपोआप शिकतो.

नंदलाल यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. चित्रकार मोठा आणि कारागीर लहान, असा भेद त्यांनी मानला नाही. बंगालमध्ये बायका तांदळाच्या पिठाने जमिनीवर अल्पना काढतात. आपल्याकडच्या रांगोळीसारखीच ती असते. नंदलाल यांनी अल्पनेला कलाभवनात मानाचे स्थान दिले. ती शिकवण्यासाठी सुकुमारीदेवी नावाच्या बाईंना शिक्षिका नेमले होते. भरतकाम, विणकाम, चामड्यावरचे काम, कापडावरची छपाई हे सारे मुले तेथे शिकू लागली. शिक्षक आणि विद्यार्थी यांनी मिळून तेथे एक मातीचे घरही बांधले. त्याच्या भिंतींवर मातीची उठावाची चित्रे केली आणि पावसापासून बचाव व्हावा म्हणून वरून डांबर लावले. ते काळे घर आजही प्रसिद्ध आहे.

१९३६ साली काँग्रेसचे अधिवेशन जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे भरणार होते. खेड्यात भरणारे ते पहिलेच अधिवेशन होते. हजारो लोक येणार होते. त्यांच्यासाठी एक नगरच उभारावे लागणार होते. गांधीजींनी हे नगर सजवण्यासाठी नंदलाल यांना बोलावले. गांधीजींची अट होती, की शहरातून महागडे सामान आणायचे नाही. जे खेड्यात मिळते, त्यातूनच सारे करायचे.

नंदलाल यांना प्रथम संकोच वाटला. आपण चित्रकार आहोत, इमारती उभारणे हे आपले काम नाही, असे त्यांना वाटले. पण गांधीजींनी त्यांचा संकोच दूर केला. मग नंदलाल फैजपूरला आले. काम फसले असते, तर खेड्यात असे काही होऊच शकत नाही, असे म्हणायला लोकांना कारण मिळाले असते. म्हणून जबाबदारी मोठी होती.

नंदलाल यांनी आसपासचा मुलूख पाहिला. बांबू, गवत, चटया आणि खेड्यातल्या कारागिरांच्या हातच्या वस्तू, एवढेच त्यांनी घेतले. म्हात्रे नावाच्या स्थापत्यकारांनी आणि नंदलाल यांनी मिळून त्यातून कमानी, मंडप आणि झोपड्या उभ्या केल्या. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांच्यासाठी बैलांचा सजवलेला रथ होता. डिसेंबरच्या थंडीत हे बांबूचे नगर पाहून लोक थक्क झाले. प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधीजींनी या दोघांचे मनापासून कौतुक केले. खेड्यातल्या साध्या वस्तूंत किती सौंदर्य आहे, ते खेड्यातल्याच लोकांना त्या दिवशी दिसले.

पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातमधील हरिपुरा येथे अधिवेशन भरले. नंदलाल पुन्हा आसपासच्या खेड्यांत हिंडले आणि लोकांची कामे पाहिली. मग हाताने बनवलेल्या कागदावर मातीच्या रंगांनी त्यांनी चित्रे काढली. नांगर धरणारा शेतकरी, ढोल वाजवणारा वादक, धान्य कांडणाऱ्या बाया अशी कष्ट करणारी माणसे त्यांत होती. नंदलाल आणि त्यांच्या सोबत्यांनी मिळून सुमारे ४०० चित्रे केली. त्यांतील ऐंशीच्या आसपास नंदलाल यांनी स्वतः काढली. ही चित्रे बंद दालनात ठेवली नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्या गरीब माणसालाही दिसावीत, म्हणून ती मंडपांवर आणि दरवाजांवर लावली.

देश स्वतंत्र झाल्यावर संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत सजवण्याचे काम नंदलाल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांकडे आले. त्या प्रतीत भारताच्या इतिहासाची चित्रे आहेत. त्यांत मोहेंजोदडोची मुद्रा आहे, अकबर बादशहा आहे, छत्रपती शिवाजी महाराज आहेत, टिपू सुलतान आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई आहेत. सगळ्यांना त्या पानांवर जागा मिळाली आहे. एकेकाळी महाविद्यालयात नापास झालेल्या माणसाच्या हातांनी देशाचा सर्वांत मोठा ग्रंथ सजला.

१९५४ साली सरकारने त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला. १६ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची चित्रे आज राष्ट्राचा ठेवा मानली जातात. ती विकून परदेशी नेता येत नाहीत.

मित्रांनो, नंदलाल यांचे चरित्र मी तुम्हांला का सांगितले? तुमच्यापैकी काही जण म्हणतात, आमच्याकडे चांगले रंग नाहीत, चांगला कागद नाही, मग चित्र कसे काढायचे? तुमच्यापैकी कोणाचे अब्बा सुतारकाम करतात, कोणाची अम्मी कपडे शिवते, कोणाची आपा सुरेख मेंदी काढते. हे सांगायला काहींना लाज वाटते. आता ती लाज सोडून द्या. अम्मीच्या हातची गोधडी पुन्हा एकदा उघडून पाहा. कोणत्या रंगाशेजारी तिने कोणता रंग ठेवला आहे, ते पाहा. तिने कोणत्याही शाळेत न जाता ते ठरवले आहे.

येत्या रविवारी सकाळी शेताच्या बांधावरून एक फेरी मारा. पळसाची एखादी वाकडी फांदी, तुरीची शेंग, बाभळीचा काटा नीट पाहून घ्या. घरी आल्यावर गेरू पाण्यात कालवा. तव्याखालची काजळी घ्या, थोडा चुना घ्या. चुना मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि काम झाले की हात धुवा. जुन्या वहीच्या पाठीमागच्या कोऱ्या कागदावर पाहिलेली वस्तू काढा. पहिले चित्र बिघडेल. दुसरेही बिघडेल. त्याची काळजी करू नका. सोमवारी ती सगळी चित्रे वर्गात घेऊन या. आपण ती भिंतीवर लावू.