अज्ञातवासी आणि मोडीतल्या वस्तू

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांची मराठी काव्येतिहासातील नोंद ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने होते आणि बहुधा एका ओळीत संपते. त्यांनी कविता लिहिली, भा. रा. तांबे यांच्या कवितांचे संपादन केले आणि पुढे ते वस्तुसंग्रहाकडे वळले, एवढेच सांगितले जाते. जणू कवी संपला आणि संग्राहक सुरू झाला. ही फाळणी मान्य करण्याजोगी नाही.

१९२० च्या सुमारास संग्रहास प्रारंभ झाला. जुन्या वाड्यांच्या पडझडीबरोबर अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती, पाय घासण्याच्या वज्री, कोरीव दारे अशा वस्तू निरुपयोगी ठरून मोडीच्या भावाने जात होत्या. अडकित्त्याला पोपटाचा आकार असावा, ही सुपारीची गरज नव्हे. वज्रीवर मोर बसवल्याने टाच अधिक स्वच्छ होत नाही. उपयोगापलीकडची ही भर मोडवाल्याच्या तराजूत उतरत नाही. केळकरांनी नेमकी तीच वेचली, आणि तिच्याबरोबर झिजलेली मूठ व काजळलेला दिवा यांतून उरलेली वापरणाऱ्या हातांची खूणही. या वस्तूंचे कर्ते बहुतांशी निनावी आहेत. ते खरे अज्ञातवासी.

एकुलता पुत्र राजा बालपणीच निवर्तला. संग्रहालयास त्याचे नाव दिले गेले. परक्यास ती एखाद्या संस्थानिकाची पदवी वाटण्याचा संभव आहे. या शोधयात्रेत पत्नी कमलाबाई यांचा वाटा बरोबरीचा होता.

१९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. देशाचे लक्ष नव्या पोलादाकडे लागले होते. मोड वितळवून नवे घडवावे, हा उद्योगयुगाचा न्याय. केळकरांनी मोड मोडच राहू दिली. १९६२ साली सुमारे पंधरा हजार वस्तूंचा हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

काचेआड गेलेली वज्री पुन्हा पायाला लागत नाही, हा आक्षेप मात्र खोटा नाही. रोजच्या व्यवहारातून तुटलेली वस्तू अर्धी मुकी होते. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून पुण्यातील संग्रहालयात त्यांची पुनर्रचना करण्यात आली. तेथे खांब आहेत, छत आहे, पण वस्ती नाही.