पुस्तकांनीच दमवलं, पुस्तकांनीच सावरलं

परीक्षा जवळ आली आहे. तुम्ही अभ्यासिकेत बसला आहात. समोर पुस्तक उघडं आहे, डोळे ओळींवरून फिरताहेत, पण डोक्यात काही शिरत नाही. तेवढंच असतं तर दुपारी झोप काढून, चहा मारून काम भागलं असतं. पण एक दिवस असा येतो की, हे सगळं मिळालं, रँक आली, पोस्ट मिळाली, तरी काय, असा प्रश्न पडतो. आणि आतून काहीच उत्तर येत नाही. घरी सांगायची सोय नसते. मित्रांना सांगावं, तर तेही त्याच रांगेत उभे.

हा अनुभव तुमच्या वाट्याला आला असेल, तर तुमच्याच वयाच्या एका मुलाची गोष्ट ऐका. गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची, लंडनमधली. मुलाचं नाव जॉन स्टुअर्ट मिल. पुढे तो एकोणिसाव्या शतकातला मोठा विचारवंत झाला. व्यक्तिस्वातंत्र्य म्हटलं की आजही त्याचं नाव आधी निघतं. पण विसाव्या वर्षी तो पार कोलमडला होता. त्यातून त्याला बाहेर काढायला पुस्तकं मदतीला आली. गंमत अशी, की तो कोलमडला त्यातही पुस्तकांचा वाटा होताच.

जॉनचा जन्म १८०६ चा. वडील जेम्स मिल मोठे विद्वान. शाळेवर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून पोराला घरीच शिकवायचं त्यांनी ठरवलं. तिसऱ्या वर्षी ग्रीक सुरू झालं. वडील कार्डांवर ग्रीक शब्द आणि त्यांचे अर्थ लिहून द्यायचे आणि तो ते पाठ करायचा. आठव्या वर्षी लॅटिन आलं. तोपर्यंत हिरोडोटसचा अख्खा इतिहास मूळ ग्रीकमध्ये वाचून झाला होता. बाराव्या वर्षी तर्कशास्त्र, तेराव्या वर्षी अर्थशास्त्र. सकाळी न्याहारीच्या आधी बापलेक फिरायला जायचे. तेव्हा आदल्या दिवशी काय वाचलं ते जॉनने चिठ्ठ्यांवरच्या टिपणांच्या आधारे सांगायचं. शिवाय धाकट्या भावंडांना शिकवायची जबाबदारीही त्याच्यावरच.

सुट्टी नव्हती. सुट्टीने कामाची सवय मोडते, असं वडिलांचं मत. बरोबरीच्या मुलांशी खेळणंही नव्हतं, कारण वाईट संगत लागेल. आपण काही वेगळं करतोय, हे जॉनला बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. चौदाव्या वर्षी तो वर्षभरासाठी फ्रान्सला निघाला, तेव्हा वडिलांनी त्याला हाइड पार्कात नेऊन समजावलं की, तुझ्या वयाच्या मुलांना येत नाहीत अशा गोष्टी तुला येतात, पण त्याचं श्रेय तुझं नाही, ज्याने तुला शिकवलं त्या बापाचं आहे. कौतुक करायचं म्हणजे एवढंच!

फ्रान्समध्ये मात्र त्याने दोन गोष्टी मिळवल्या. एक म्हणजे फ्रेंच भाषा आणि दुसरी पिरेनीजच्या डोंगरांची ओढ. या दोन्ही पुढे उपयोगी पडणार आहेत, लक्षात ठेवा.

परत आल्यावर पंधराव्या वर्षी त्याच्या हाती जेरेमी बेंथम या तत्त्वज्ञाचं पुस्तक पडलं. बेंथम वडिलांचे स्नेही. जास्तीत जास्त माणसांचं जास्तीत जास्त सुख, हे त्यांचं सूत्र. जॉनला आयुष्याचं ध्येय सापडलं. जग सुधारायचं! सतरा पूर्ण होताच तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत वडिलांच्या हाताखाली नोकरीला लागला. दिवसा कंपनीची कागदपत्रं, उरलेल्या वेळात लेख, वादसभा, अभ्यासमंडळ. त्यातच बेंथमच्या विस्कळीत हस्तलिखितांतून पाच खंडांचा जाडजूड ग्रंथ संपादित करून द्यायचं काम. ऐन विशीच्या आतबाहेर हे सगळं चाललं होतं.

आणि १८२६ च्या शरद ऋतूत एक दिवस त्याने स्वतःला तो प्रश्न विचारला. समजा, समाजात जे जे बदल व्हावेत असं आपल्याला वाटतं, ते सगळे या क्षणी होऊन गेले, तर आपल्याला आनंद होईल का? आतून उत्तर आलं, नाही. ज्याच्या जोरावर आयुष्य उभं केलं होतं, तेच पायाखालून सरकलं.

त्याला वाटलं, रात्री झोपलं की जाईल हे. गेलं नाही. दुसऱ्या दिवशी जाग आली तीच त्या जाणिवेसोबत. मग तो आपल्या आवडत्या पुस्तकांकडे वळला. ज्यांनी आजवर हुरूप दिला, ती पुस्तकं त्याने पुन्हा उघडली. अक्षरं तीच होती, पण मन हलेना. वादसभेत तो बोलत होता, कचेरीत जात होता, सगळं सवयीने, यंत्रासारखं. बाहेरून बघणाऱ्याला काही कळलंही नसतं. असं जगणं आपल्याला वर्षभराहून जास्त झेपणार नाही, असं त्याला वाटत असे.

सांगणार कोणाला? वडिलांना सांगणं अशक्य. त्यांचं सगळं शिक्षण फसलं असं त्यांना ऐकवायचं कसं? आणि मन मोकळं करावं इतकं जवळचं दुसरं कोणी नव्हतं. असं कोणी असतं तर मी या अवस्थेला पोचलोच नसतो, असं त्याने पुढे मागे वळून बघताना लिहून ठेवलं आहे.

मन किती विचित्र वागतं बघा. त्याला संगीत आवडायचं. त्या काळोख्या दिवसांत संगीतानेही दिलासा दिला नाही. पुढे मन सावरू लागल्यावर संगीताने थोडं बरं वाटायला लागलं, तर डोक्यात नवा किडा शिरला. सप्तकात सूर मोजकेच. त्यांच्या जुळण्याही मोजक्याच. त्यातल्या चांगल्या चांगल्या तर होऊन गेल्या असतील. मग एक दिवस जगातलं नवं संगीतच संपणार! या काळजीने तो खरोखर हैराण झाला. रात्री दोन वाजता असल्या विचारांनी तळमळणारे तुम्ही एकटेच नाही, हे त्यावरून कळतं.

सहाएक महिने असे गेले. मग त्याच्या हाती एक साधं पुस्तक आलं. मारमोंतेल नावाच्या फ्रेंच लेखकाच्या आठवणी. मुद्दाम उपाय म्हणून घेतलेलं नव्हे, सहज वाचायला घेतलेलं. त्यात एक प्रसंग आहे. लेखकाचे वडील वारतात. घर दुःखात बुडालेलं. तेव्हा अजून पोरगेल्या वयाच्या त्या मुलाला अचानक वाटतं की, यापुढे या सगळ्यांचं मी बघेन, त्यांनी जे गमावलं त्याची जागा मी भरून काढेन. आणि तसं तो घरच्यांनाही जाणवून देतो.

हे वाचता वाचता जॉनच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेवढंच झालं, पण त्याच्यासाठी ते खूप होतं. आपण आतून मेलेलो नाही, लाकूड किंवा दगड झालेलो नाही, हे त्याला त्या अश्रूंनी सांगितलं. त्या दिवसापासून ओझं हलकं होत गेलं. ऊन, आकाश, गप्पा, पुस्तकं यांत पुन्हा थोडी थोडी गोडी वाटू लागली. सगळं एकदम बरं झालं नाही. त्यानंतरही काही वेळा उदासी परत आली, काही वेळा महिनोन् महिने राहिली. पण पहिल्याइतका काळोख पुन्हा झाला नाही.

इथे जरा थांबा. या मुलाने विसाव्या वर्षापर्यंत हजारो पानं वाचली होती. पण ती वाचली कशासाठी? सकाळी वडिलांना सांगण्यासाठी, वादात जिंकण्यासाठी, जग सुधारण्यासाठी. प्रत्येक पानाचा काहीतरी हिशोब होता. मारमोंतेलच्या त्या पानाचा हिशोब कोणालाच द्यायचा नव्हता. तिथे तो पहिल्यांदा दुसऱ्या एका मुलाच्या जागी जाऊन बसला आणि त्याच्या दुःखातून आपल्या दुःखापर्यंत पोचला. आपल्यापैकी अनेकांचं वाचनही हिशोबाचंच असतं. नोट्स काढायच्या, पॉइंट लक्षात ठेवायचे, रोज दहा पानं वाचून स्वतःला सुधारायचं. ते वाईट नाही. पण मन थकतं, तेव्हा त्याला हवं असतं ते दुसऱ्या प्रकारचं वाचन.

मिलने हे ओळखलं आणि कवितेकडे वळला. बायरन त्याने आधीच, उदासीच्या सर्वांत वाईट काळात वाचला होता. त्याला वाटलं, हा कवी तीव्र भावनांसाठी प्रसिद्ध, तो आपल्याला जागं करेल. पण झालं उलटंच. बायरनच्या नायकांचं मन याच्या मनासारखंच कडवटलेलं, सगळं चाखून कंटाळलेलं. त्यातून दिलासा कसला मिळणार? त्याने तो बाजूला ठेवला. दुःखी असताना दुःखी गाण्यांचीच प्लेलिस्ट लावून बसतो ना आपण? कधी त्याने बरं वाटतं, कधी आणखी खोल जातो. आपल्याला काय होतंय, ते आपणच बघायला हवं.

मग १८२८ च्या शरदात त्याने वर्ड्सवर्थ उघडला. या कवितांत डोंगर होते, खेड्यातली साधी माणसं होती आणि मुख्य म्हणजे ते बघताना मनात काय उमटतं ते होतं. फ्रान्समध्ये पाहिलेल्या पिरेनीजमुळे डोंगर हा जॉनचा आधीच हळवा कोपरा. एका दीर्घ कवितेत त्याला दिसलं की, जगण्यातला तो पहिला ताजेपणा या कवीनेही गमावला होता, त्यालाही ते खुपलं होतं आणि त्याने त्याच्या बदल्यात दुसरं काहीतरी शोधून काढलं होतं. म्हणजे वाट होती. आणि शांतपणे बसून अनुभवायचा हा आनंद सगळ्यांना वाटून घेता येण्यासारखा होता. जगातली सगळी संकटं संपल्यावरही तो उरणार होता. ज्या प्रश्नाने तो कोसळला होता, त्याचं उत्तर त्याला असं मिळालं.

त्याचा मित्र रोबक मात्र बायरनचा कट्टर भक्त. दोघांनी वादसभेत आपापल्या कवीची बाजू घेऊन जाहीर वाद घातला. मिल जे औषध मानत होता, ते रोबकला मिळमिळीत वाटलं. हेही ध्यानात असू द्या. एकाला तारणारं पुस्तक दुसऱ्याला कंटाळवाणं वाटू शकतं. कोणी दिलेल्या यादीतलं पुस्तक तुम्हाला भिडलं नाही, तर दोष तुमचा नाही. दुसरं उघडा.

पुढचं आयुष्य मोठं आहे. १८५९ मध्ये व्यक्तिस्वातंत्र्यावरचा त्याचा ग्रंथ आला, १८६९ मध्ये स्त्रियांच्या गुलामीविरुद्धचा. खासदार असताना १८६७ मध्ये त्याने ब्रिटिश संसदेत स्त्रियांना मताधिकार द्यावा अशी दुरुस्ती मांडली. बाजूने ७३ मतं पडली, विरोधात १९६. ती हरली, पण विषय संसदेत आला तो आलाच. आपल्याकडे गोपाळ गणेश आगरकरांच्या विचारांवर मिलची दाट छाप आहे. भारतावरच्या कंपनीच्या राज्याचं त्याने समर्थन केलं, हेही विसरायला नको. माणूस मोठा होता, चुकांपलीकडचा नव्हता.

१८७३ मध्ये तो गेला आणि त्याच वर्षी त्याचं आत्मचरित्र छापलं गेलं. त्यात त्याने त्या काळोख्या दिवसांवर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. ज्या काळात असं काही बोलणं म्हणजे कमीपणा, त्या काळात जगातल्या एका बुद्धिमान माणसाने आपण कसे मोडलो ते सांगून ठेवलं. एकेकाळी त्याला मारमोंतेलने हात दिला. तसाच हात त्याने पुढच्यांसाठी ठेवला.

त्याच्या गोष्टीतून एवढंच घ्या. अभ्यासाच्या ढिगात एक तरी पुस्तक असं ठेवा, ज्याच्यावर परीक्षेत प्रश्न येणार नाही. कादंबरी, कविता, कोणाच्या आठवणी, काहीही. गावातल्या वाचनालयात जा, कपाटासमोर उभे राहा, चार पानं चाळा. वाचताना रडू आलं, तर येऊ द्या.

आणि आणखी एक. मिलला सांगायला कोणी नव्हतं. त्यामुळे त्याचे ते महिने जास्त अवघड गेले. पुस्तक सोबत करतं, पण ते डॉक्टर नाही. उदासी हटत नसेल, झोप, भूक उडाली असेल, जगणं झेपत नाही असं वाटत असेल, तर घरच्या कोणाशी, मित्राशी, शिक्षकांशी बोला. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. मराठीतही बोलता येतं. फोन आधी करा. पुस्तक कुठे पळून जात नाही.